बिनआवाजाची बोट

"दत्तू! ए दत्तू! अरे थांब की रे!"

टेकडीच्या अर्ध्यावर उभी राहून मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि खाली धरणाच्या पाण्यावरून माझीच बोट मला सोडून निघाली होती. माझी म्हणजे मालकीची नव्हे. पण तिची मोटर मी बसवलेली, छपरावरच्या सोलर पॅनेलचं वायरिंग मी केलेलं, आणि ती चालवणाऱ्या दत्तूला शिकवलेलंही मीच. दत्तू पाठमोरा बसला होता. वारा समोरून येत होता, त्यामुळे माझी हाक त्याच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. बोट मात्र काय सुरेख चालली होती! घुर्र नाही, खडखड नाही. मला रडावं की शाबासकी द्यावी कळेना.

मी तिथेच मातीत बसकण मारली. पुढची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

हे असं का झालं ते सांगते, पण आधी थोडं मागे जावं लागेल.

माझी सगळी नोकरी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात गेली. इलेक्ट्रिक मोटरी बनवायच्या, तपासायच्या. विलास, म्हणजे माझा नवरा, गेल्यावर मी नोकरी सोडली. आता घरी आराम करू म्हटलं. पण घर खायला उठतं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. भिंतीवरच्या घड्याळाचाही राग यायला लागला. मग सातपूरच्या एका छोट्या कंपनीनं सल्लागार म्हणून बोलावलं आणि मी पगार न विचारता हो म्हटलं. ही कंपनी सोलरवर चालणाऱ्या मालवाहू बोटी बनवते. डोक्यावर पॅनेलचं छप्पर, पोटात बॅटरी, मागे पाण्यात पंखा. उन्हातून वीज, विजेवर मोटर, मोटरीवर पंखा. इतकं सोपं आहे. बाकीचं सगळं कटकटीचं आहे.

घोटीच्या पुढे डोंगरात एक धरण आहे. नाव सांगत नाही, लोक बोट बघायला गर्दी करतील. धरणाच्या पलीकडच्या काठाला कातळपाडा नावाची वस्ती आहे. धरण झालं तेव्हा मूळ पाडा पाण्याखाली गेला, लोक टेकडीच्या मागे वर सरकले. रस्ता आहे, पण तो धरणाला अख्खा वळसा घालून जातो आणि वाटेत दोन ठिकाणी नुसता नावालाच उरलाय. चार पोत्यांसाठी जीपवाला तिकडे फिरकत नाही. त्यामुळे रेशनचं धान्य, गॅसचे सिलिंडर, औषधं जायची पाण्यावरून, आणि तिकडची भाजी, दूध आणि मोगरा यायचाही पाण्यावरूनच. पूर्वी एक डिझेलची बोट होती. तिचं तेल पाण्यावर पसरायचं आणि हे पाणी शहराला प्यायला जातं. म्हणून डिझेलला बंदी आली आणि आमची बोट तिथे गेली. चाचणीवर. चालली तर राहील, नाही तर परत.

त्या बोटीचा आवाज काढून टाकायला मी जिवाचं रान केलं होतं. मोटरीखाली रबर बसवले, पंख्याची पाती बदलली, एक बारीक शीळ यायची तिच्या मागे लागून तिचंही मूळ शोधलं. आमचे मालक कौस्तुभसर, माझ्या भाच्याच्या वयाचे, पाहुण्यांना बोटीत बसवून म्हणायचे, "डोळे मिटा आणि सांगा, आपण निघालो की अजून काठावरच आहोत?" पाहुणे माना डोलवायचे. मीही आतून फुलायचे, खोटं कशाला बोलू?

आणि मग एक दिवस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, लोड कुठाय?"

"कसला लोड?"

"तोच तर प्रश्न आहे. बोट जवळजवळ रिकामी जाते, रिकामी येते."

मोटर किती करंट ओढते त्यावरून बोट भरलेली आहे की रिकामी ते ऑफिसात बसून कळतं. हातगाडीवर पोती असली की ढकलणाऱ्याला घाम जास्त येतो, तसंच. आमच्या मोटरीला घामच येत नव्हता. इकडून कधी चार पोती धान्य पाठवलं तर तेही तसंच परत येत होतं, कारण उतरवून घ्यायला कोणी नाही.

"पाड्याला बोटीची गरज नाही असं दिसतंय," सर म्हणाले. "एक रिसॉर्टवाले मागताहेत. महिनाअखेर ट्रक पाठवून उचलू."

"गरज नाही? डिझेलची बोट भरभरून यायची हो!"

"मग ही का नाही येत?"

 तेच शोधायला मी दुसऱ्या दिवशी पहाटेच घोटीची गाडी पकडली.

माणसं येत नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या कोणीही माणसांना विचारलं असतं. मी आधी बॅटरी तपासली. मग मोटर. मग पॅनेलवरची धूळ. आम्हा मोटरवाल्यांना सवयच तशी. सगळं चोख निघालं. मग दत्तूला विचारलं. दत्तू घोटीचाच, तिशीतला, बोलायला फटकळ.

"लोकंच येत नाय मॅडम. मी काय घरोघर जाऊन हात धरून आणू?"

"तू थांबतोस का तिथे?"

"तुम्हीच सांगितलंय ना, पाच मिनिटं. दुपारी समोरून वारा सुटतो, बॅटरी ओढतो, उशीर करायचा नाय. मी तुमच्या शब्दाबाहेर नाय."

सांगितलं होतं खरं. मी त्याच्याबरोबर निघाले. पलीकडे धक्का वगैरे काही नाही, एक सपाट कातळ आहे, तिथे बोट लागते. उन्हाळ्यात पाणी मागे हटत जातं, त्यामुळे पाड्यापासून कातळापर्यंतची वाट लांबत जाते. आम्ही पोचलो तेव्हा कातळावर चिटपाखरू नव्हतं. दत्तूनं हॉर्न दिला. स्कूटरचा हॉर्न तो, पिपाणीसारखा वाजला आणि विरून गेला. पाच मिनिटं झाली. दत्तूनं माझ्याकडे बघून खांदे उडवले.

"तू जा," मी म्हटलं. "मी वर जाऊन बघते. दुपारच्या फेरीला मला घे."

वर चढायला मला चांगला अर्धा तास लागला. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. टेकडीच्या मागे गेल्यावर पाडा दिसला आणि मागे वळून पाहिलं तर पाणी गायब. एकाही घरातून धरण दिसत नाही. पाड्यात माणसंही तुरळक. अर्धी घरं कुलपात, लोक मजुरीला पांगलेले. एका ओट्यावर एक बाई बसली होती, पुढ्यात ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग. ती हिराबाई.

"बसा," ती म्हणाली. "बोट आली काय?"

"येऊन गेली!"

तिनं हातातली कळी खाली ठेवली. चिडली नाही, काही नाही. नुसती कळ्यांकडे बघत राहिली.

मोगऱ्याचं गणित असं असतं. पहाटे मिटल्या कळ्या तोडायच्या आणि दुपारच्या आत नाशिकच्या फुलबाजारात पोचवायच्या. संध्याकाळी कळी उमलते. उमलली की गजरेवाले हात लावत नाहीत. हिराबाईची शेती म्हणजे घरामागची मोगऱ्याची झाडं. तिचा नवरा निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला, महिनोन् महिने तिकडेच. यंदा मोगरा चालला तर तो परत यायचा होता, दोघांनी मिळून आणखी झाडं लावायची होती. बोट चुकली की त्या दिवसाची फुलं गेली, आणि बोट रोजच चुकत होती.

"मग खाली जाऊन बसत का नाही?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"झाड हाय का तिथं एक तरी? उन्हात कळ्या शिजत्यात, बाई. अन् तुमची बोट कवा येईल त्याचा काय नेम? कधी लवकर, कधी उशिरा."

तेही खरं. सकाळी ऊन कसं पडतं, पलीकडे माल भरायला किती वेळ जातो, त्यावर बोट निघते. आणि मोबाईलला पाड्यात रेंज नाही.

"दुपारच्या बोटीनं पाठवा मग. मी आहे बरोबर. आपण मिळून जाऊ खाली."

फुलबाजार तोवर उठणार हे तिला माहीत होतं. तरी माझ्या शब्दाखातर तिनं कळ्या बांधल्या. एवढ्या लांबून आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? आम्ही ओट्यावर बसून राहिलो, काळा चहा प्यायलो. मी कान टवकारून होते. हो, मी! जिनं आवाजाचा थेंबन् थेंब पिळून काढला होता, ती कान लावून बसली होती! बऱ्याच वेळानं मला शंका आली, उठून टेकडीच्या कडेला गेले, खाली पाहिलं आणि धावत सुटले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मी परत वर आले तेव्हा हिराबाई दारात उभी होती. माझं तोंड बघून ती खो-खो हसायला लागली.

"तुमची बोट, अन् तुम्हालाच फसवलं तिनं!"

मलाही हसू आलं. दुसरं करणार काय? रात्रीचा मुक्काम तिच्याकडेच पडला. दिवस कलला तशी तिनं नागलीची भाकरी थापायला घेतली आणि आपणहून बोलायला लागली.

"ती पहिली बोट लय आवाज करायची. पलीकडून निघाली की इथं ऐकू यायची, ढग ढग ढग ढग. ऐकलं की मी तव्यावरची भाकर उतरवायची, फुलं बांधायची, दाराला कडी घालायची न् निघायची. मी खाली पोचायला न् ती लागायला. कधी चुकली नाय."

"आणि आता?"

"आता आवाजच नाय. कोणी येतच नाय असं वाटतंय." तिनं भाकरी उलटली. "माझा मालक सणाला यायचा, तवा मला बोटीवरून कळायचं. चूल फुंकून ठेवायची मी. आता एकदम दारात उभा ऱ्हातो. दचकायला होतं. पहिल्यासारखी वाट बघायला मिळत नाय."

 विलासच्या स्कूटरचा सायलेन्सर कायम फुटका असायचा. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली की मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी चहाचं आधण टाकायचे. तो वर येऊन चपला काढेपर्यंत चहा कपात. सायलेन्सर बदल म्हणून मी त्याच्या किती मागे लागले होते! त्या संध्याकाळी हिराबाईच्या चुलीपाशी बसून मला त्याची फार आठवण आली. आता माझ्या घरी कोणी आलं तर एकदम बेलच वाजते, आणि तीही बहुधा कुरिअरवाल्याची.

फडक्यातली फुलं एव्हाना उमलली होती. घरभर वास भरला होता, बाजारात ज्याचा काही उपयोग नव्हता असा. हिराबाईनं त्यातली ओंजळभर घेऊन झटक्यात गजरा ओवला आणि माझ्यापुढे धरला.

"मी नाही माळत आता," मी म्हटलं.

तिला कळलं. पण हात मागे घेतला नाही. "इथं कोण बघतंय, बाई?"

मी माळला.

सकाळी दत्तू बोट घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी कातळावर आधीच जाऊन बसलो होतो, हिराबाई फुलांच्या टोपलीवर पदराची सावली धरून.

"काल कुठं होता तुम्ही?" दत्तूनं मलाच विचारलं. "मी हॉर्न दिला. पाच मिनिटं थांबलो. वाटलं रस्त्यानं गेल्या."

"कोणत्या रस्त्यानं रे मुडद्या?"

 मी बोटीतूनच, रेंज आल्या आल्या, सरांना फोन लावला.

"सर, बोटीला आवाज हवाय."

सरांनी वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग, "मॅडम, ऊन लागलंय का?"

मी सगळं सांगितलं. सर तसे समजूतदार. पण आवाजाचं नाव काढताच ते उसळले. "आपण सायलेंट बोट विकतोय! तुम्ही एवढे महिने घालवले आवाज काढून टाकायला, आता घालायला निघालात? बरं, हवाच असेल तर काहीतरी चांगलं लावा. भक्तिगीत लावा."

मी प्रचाराच्या रिक्षावर असतो तसला कर्णा आणला आणि बोटीच्या नाकावर पाड्याकडे तोंड करून बसवला. भक्तिगीत लावलं. आवाज पाण्यावरून लांबवर गेला, टेकडी ओलांडून गेला. कातळावर कोणी नाही! मी पुन्हा गुडघ्यांच्या शिव्या खात वर.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं की," हिराबाई म्हणाली. "आम्हाला वाटलं पलीकडं लग्न हाय."

लग्नसराई होती. पलीकडच्या गावांतून दिवसभर गाणी ऐकू येत होती. आमचं गाणं त्यातच जमा झालं. मी कपाळावर हात मारला.

महिनाअखेर जवळ येत चालली होती. रिसॉर्टवाल्यांनी ट्रक ठरवला होता. त्या संध्याकाळी मी घरी खिडकीत बसले होते. खालून स्कूटरी जात होत्या, एकामागून एक. मी एकदाही उठले नाही, कारण त्यातली एकही विलासची नव्हती. आणि डोक्यात प्रकाश पडला. नुसता आवाज असून चालत नाही. ओळखीचा लागतो.

डिझेल बोटीचा म्हातारा मालक धरणाच्या अलीकडच्याच गावात राहत होता. बोट त्यानं मोडीत काढली होती, पण इंजिन विहिरीवर बसवलं होतं, पाणी ओढायला. मी त्याला म्हटलं, बाबा, जरा चालू करा. त्यानं हँडल मारलं. काळा धूर आणि ढग ढग ढग ढग! मी मोबाईल पुढे धरून रेकॉर्डिंग केलं.

"नुसता आवाज नेता?" म्हातारा म्हणाला. "इंजिनच न्या की, स्वस्तात देतो."

महिन्याच्या शेवटच्या फेरीला सर स्वतः आले. ट्रक काठावर उभाच होता. चालली तर चालली, नाही तर तिथूनच बोट उचलायची, असं ठरलं होतं. दत्तूनं बोट पाण्यात घेतली आणि मी रेकॉर्डिंग चालू केलं. कर्ण्यातून ते इंजिन सर्दी झाल्यासारखं वाजत होतं, जरा किनरं, नाकातून. पण होतं तेच. सरांनी कानावर हात ठेवले.

"मॅडम, कोणी व्हिडिओ काढला तर माझी कंपनी बुडाली."

"बोट बिनआवाजाचीच आहे, सर. आवाज बोटीचा नाहीच मुळी."

"हे कोणाला पटेल?"

 माझे डोळे टेकडीवर होते. अर्धं पाणी ओलांडलं, कोणी दिसेना. कातळ दिसायला लागला, रिकामा. दत्तूनं माझ्याकडे बघायचं टाळलं.  आणि मग टेकडीच्या कडेवर एक ठिपका आला. डोक्यावर टोपली. मागून दुधाची किटली घेतलेला एक बाप्या. मग दोघीजणी भाजीचे भारे घेऊन. आम्ही कातळाला लागलो तेव्हा हिराबाई शेवटचा उतार उतरत होती, धापा टाकत, आणि लांबूनच ओरडत होती, "आली! आली ग बाई!"

परतताना बोट पाण्यात चांगली खाली बसली होती. सरांच्या मांडीला मोगऱ्याची टोपली टेकली होती. त्यांनी करंटचा आकडा पाहिला, टोपलीकडे पाहिलं, आणि ट्रकवाल्याला फोन करून रिकामा परत पाठवला. कंपनीच्या माहितीपत्रकावर अजूनही 'संपूर्ण आवाजरहित' असंच छापलेलं आहे. मी बदलायला सांगितलं नाही.

बोटीच्या देखभालीला मी अधूनमधून जाते. पावसाळा सरतानाची गोष्ट. मोगऱ्याचा हंगाम कधीच संपला होता. तरी बोट लागली तेव्हा हिराबाई कातळावर उभी. हातात टोपली नाही, पिशवी नाही. तिचं सामानही काही आलेलं नव्हतं.

"का ग, काय पाठवायचंय?"

"काय नाय."

"मालक येणार आहे का?"

"नाय. दिवाळीला येईल. आणखी झाडं लावायचं ठरलंय."

"मग एवढी उतरून कशाला आलीस?"

"आवाज आला," ती म्हणाली. "म्हणून आले."

आम्ही थोडं बोललो. पाच मिनिटं झाली, आणखीही झाली, दत्तू काही बोलला नाही. मग आम्ही निघालो. बोटीनं पाठ फिरवली की दत्तू रेकॉर्डिंग बंद करायचा. परतीच्या वाटेवर आवाज कोणाच्या कामाचा नाही, उगाच बॅटरी खातो, हा नियमही माझाच. त्यानं हात पुढे केला तशी मी म्हटलं, "राहू दे. ती टेकडीपलीकडे जाईपर्यंत चालू ठेव. आणि यापुढे रोज ठेव."

मोटर बनवताना किती वीज कुठे जाते ते मोजायचं, हे मी सगळ्यांना शिकवत आले. परतीच्या आवाजाला किती जाते, ते काही मी मोजलेलं नाही.